घोडे माझे, मांजरं धाकटीची

४ फेब्रुवारी, सकाळी

नवी वही काढली. कारण तसंच आहे.

काल धाकटीचा फोन आला. माझी सख्खी बहीण, वय अठ्ठावन्न, कंबर अधू, सगळा जन्म टेलिफोन ऑफिसात खुर्चीवर गेलेला. म्हणाली, ताई, एक गंमत सांगू का? हसू नकोस हं. मी घोड्यावर बसायला शिकतेय! गावाबाहेर ते रायडिंग स्कूल आहे ना, तिथे. फिजिओथेरपीवाली म्हणाली पाठीला चांगलं असतं. चार क्लास झालेसुद्धा.

चार क्लास झाले. आणि मला आज कळतंय.

मी म्हटलं, छान. फोन ठेवला आणि काचेचं कपाट पुसायला घेतलं.

मुद्दा असा की घोडे हा आमच्या घराण्यात माझा विषय आहे. लहानपणापासून. कपाटाचे तीन खण भरून घोडे आहेत: चिनी मातीचे, पितळेचे, लाकडाचे, एक साबणाचा. भिंतीवर घोड्यांचं कॅलेंडर आहे. वर्ष उलटून गेलं तरी उतरवत नाही, कारण तारखा शिळ्या होतात, घोडे होत नाहीत. वाढदिवसाला मला कोणी साडी देत नाही, घोडा देतात. जन्मभर भूगोल शिकवला, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. मुली पाठीमागे मला लगामबाई म्हणायच्या. माझी घोड्यांची आवड त्यांच्यापर्यंतही पोचली होती.

प्रत्यक्ष घोड्यावर मी एकदाच बसले आहे. सहा वर्षांची असताना, सर्कशीच्या तंबूबाहेर. तीन फेऱ्या. काठीसारखी ताठ बसले होते. धाकटी मावशीच्या कडेवर भोकाड पसरून रडत होती. लख्ख आठवतं.

पुढे बसणं जमलं नाही. आधी कॉलेज, मग लग्न, मग शाळा, मग गुडघा. शिवाय योग्य घोडा भेटावा लागतो.

ह्यांना सांगितलं. हे शब्दकोड्यातून मान वर न काढता म्हणाले, अरे वा, हुशार आहे की धाकटी! बरं, तीन अक्षरी शब्द सांग. दुसऱ्याचं चांगलं न बघवणं.

म्हटलं, मला असले शब्द येत नाहीत.

६ फेब्रुवारी

रायडिंग स्कूल बघून आले. बघायला नव्हे, तपासायला गेले होते. बहिणीची काळजी.

लाकडी कुंपणाचं मैदान, आत वाळू आणि भुसा. बाजूला तबेला, पत्र्याचं छप्पर. ऑफिस म्हणून एक खोली, त्यात वीस-पंचवीस हेल्मेटं आणि चहाचा थर्मास. शिकवणारी कोच तिशीतली, चणीने बारकी, पण आवाज असा की मीसुद्धा दचकून ताठ उभी राहिले. आवाजाला पैकीच्या पैकी मार्क.

धाकटी ज्या घोडीवर बसली होती तिचं नाव चांदणी. पांढरी, मागच्या बाजूला राखाडी ठिपके, लांब पापण्या. थेट माझ्या कॅलेंडरवरचा मे महिना.

आणि त्यावर धाकटी.

धाकटीच्या चुका: पाठीला पोक. सारखं हसणं. घोडीशी बोलणं, तेही काय, तर 'दमलीस का गं, बाळा?' घोडा म्हणजे काय बाळ आहे? घोड्याला मान द्यावा लागतो. हात तर इतके सैल की लगाम धरलाय की ओवाळणीचं ताट, कळेना.

कोचला म्हटलं, हिचे हात फार ढिले आहेत. कोच म्हणाल्या, अहो, तेच तर! इतका हलका हात मी कितीतरी वर्षांत पाहिला नाही. चांदणी कोणाचं ऐकत नाही, माझ्या आवाजाचंही नाही. ती फक्त हाताचं ऐकते.

हलका हात म्हणे! याच हातांनी हिने माझ्या लग्नातला टी-सेट फोडला.

निघताना मात्र एक गोष्ट घडली. चांदणीने कुंपणावरून मान काढून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ, एकटक. मला ओळखलं तिने. धाकटी म्हणाली, ताई, तुझ्या पर्समधून गाजर बाहेर आलंय. ते होतं. पण तिची नजर त्याच्या वर होती.

७ फेब्रुवारी

निर्णय. मीही नाव घालते.

कारणं: १. गुडघ्याला व्यायाम. २. धाकटीवर लक्ष. ३. साठ वर्षांचा अभ्यास वाया का घालवायचा?

मत्सराचा प्रश्नच येत नाही. मत्सर बरोबरीच्या माणसाचा करतात.

हे म्हणाले, जा जा, जरूर जा. घोड्याला कळवलंय का? असल्या विनोदांना मी उत्तर देत नाही.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी

पहिला क्लास. उत्तम झाला.

हेल्मेट अंबाड्यावर बसेना. कोच म्हणाल्या, अंबाडा सोडा. मी म्हटलं, तेहतीस वर्षांत मी शाळेत अंबाडा सोडला नाही. शेवटी हेल्मेट मोठ्या मापाचं घेतलं. ते वळताना माझ्या जरा मागून वळतं.

मला मेजर दिला. काळसर तपकिरी, उंच, म्हातारा, चेहऱ्यावर पेन्शनर माणसाचा समंजसपणा. कोच म्हणाल्या, पहिल्यांदा बसणाऱ्या सगळ्यांना मेजरच देतो, त्याला सगळं तोंडपाठ आहे, तुम्ही काहीच करू नका, फक्त बसून राहा. विनयाने बोलत होत्या. मोठ्या अंगाचा घोडा कोणालाही झेपतो असं नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं आहे.

चढायला लाकडी पायऱ्या आहेत. पायऱ्या ठीक होत्या. पायऱ्यांनंतरचा भाग पुस्तकात सोपा दिसतो. आमच्या बॅचला दातांचे एक डॉक्टर आहेत, सभ्य गृहस्थ. त्यांनी एका बाजूने ढकललं, कोचनी दुसऱ्या बाजूने ओढलं. डॉक्टर म्हणाले, जरा कळ सोसा, झालंच. त्यांची रोजची वाक्यं असणार.

आणि मग काय सांगू! मी मनात नुसतं 'चाल' म्हटलं आणि मेजर चालू लागला. मनात 'थांब' म्हटलं, थांबला. त्याच वेळी कोचही ओरडत होत्या, 'चाऽऽल', 'थांऽऽब', पण ते सगळ्यांसाठी. मेजरचं आणि माझं आतून जुळलं आहे.

कोचची एकच कटकट. 'लगाम सैल, बाई! सैल सोडा!' सारखं तेच. मैदानभर. धाकटी पुढून मागे वळून बघून हसली. बिचारीची हसण्याची सवयच आहे.

लगाम मी घट्टच धरला. सोडायचा असता तर देवाने मुठी कशाला दिल्या?

१३ फेब्रुवारी

जेवण उभ्याने. वर्तमानपत्र उभ्याने. हे म्हणाले, बस की जरा. म्हटलं, मला उभं राहायला आवडतं.

धाकटीचा फोन. ताई, दुखतंय का? गरम पाण्याने शेक. मलाही पहिल्यांदा दुखलं होतं.

मला दुखत नाहीये. शेक घेतला तो थंडीमुळे.

१९ फेब्रुवारी

दुसरा क्लास. आज दुडक्या चालीत नेलं. दुडक्या चालीत घोडा वर जातो तेव्हा आपणही वर जायचं असतं. मी खाली जात होते. मेजरने वेळ चुकवली.

कोचनी थांबवून मला समजावलं. म्हणे, बाई, तुम्ही लगामही ओढता आणि टाचही मारता. लगाम म्हणजे थांब, टाच म्हणजे चल. दोन्ही एकदम केलं तर घोड्याने काय समजायचं? मेजर माझ्या आवाजावर चालतो म्हणून निभावतंय. दुसरा घोडा असता तर सरळ मागे गेला असता.

मी ऐकून घेतलं. वयाचा फरक. मी शाळेत जन्मभर हेच केलं, 'पळ' आणि 'पळू नकोस' एकाच दमात सांगितलं, आणि मुलींना सगळं बरोबर समजायचं.

धाकटी चांदणीवर मैदानाच्या टोकाला एकटीच आठचा आकडा काढत होती. कोणी सांगितलं नव्हतं. चांदणीचे कान पुढे, धाकटीचे डोळे मिटलेले. मैदानात डोळे मिटणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. कोच मात्र हातातली शिटी तशीच ठेवून बघत राहिल्या. दातांचे डॉक्टरही. त्यांचं तोंड उघडं होतं.

माझ्याकडे त्या वेळी कोणाचं लक्ष नव्हतं. मेजरचंसुद्धा.

४ मार्च

क्लासनंतर घोड्यांना खरारा करायचा असतो. ब्रशने अंग घासणं. धाकटी घासत असते आणि चांदणी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहते. जड होत असेल. ही हू की चू करत नाही. पाठीला चांगलं म्हणे.

आज मी थोडी आधी गेले. सोबत सफरचंद, सोलून, फोडी करून, डब्यात. ही लाच नव्हे. ओळख वाढवायची तर काही शिष्टाचार असतात.

चांदणीने फोडी खाल्ल्या. मग डब्याचं झाकण चाखलं. मग माझ्या चष्म्याची दोरी. मी म्हटलं, शांत उभी राहा बघू, आणि खांदा पुढे केला. टेकव म्हटलं. तिने मान उचलली, कान टवकारले आणि हिणहिणली. माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनी!

मागे धाकटी येत होती.

फोडी सफरचंदाच्या, माझ्या. हिणहिणणं तिला. असो. जनावरांना कृतज्ञता नसते, हे मीच नववीच्या वर्गात सांगत आले आहे.

११ मार्च

मोठी बातमी. अठरा तारखेला रायडिंग स्कूलचं वार्षिक प्रात्यक्षिक. घरची मंडळी, पाहुणे, खुर्च्या, चहा. आमची प्रौढांची बॅच चौघांची रांग करून मैदानाला फेऱ्या घालणार. सर्वांत पुढे चांदणी, कारण ती दिसायला देखणी.

कोच म्हणाल्या, पुढे धाकट्या बाई.

मी विचारलं, कोणत्या निकषावर? वयाने मी मोठी. अभ्यास माझा जास्त. आवाज माझा मोठा.

कोच म्हणाल्या, बाई, हात.

घरी आले. कपाट पुसलं. पितळेच्या घोड्याचा एक कान निखळला. आधीपासून सैलच होता.

१४ मार्च

जरा घोटाळा आहे. पण सुटेल.

झालं असं की प्रात्यक्षिकाची कुणकुण लागली तेव्हाच, अकरा तारखेच्या आधी, मी चार ठिकाणी बोलून बसले होते. शाळेतल्या जुन्या बायकांना फोन केला, तेव्हा प्रात्यक्षिकात मी सर्वांत पुढे असेन असं म्हटलं. अंदाज म्हणून. त्यांनी ते तसंच घेतलं. पाचजणी येणार आहेत. शिपाईबाईही येणार. मावशीला कळवलं. मावशी नव्वदीला टेकली तरी म्हणते, येणार, घोडेवालीला घोड्यावर बघायचंय. सगळ्या नात्यात मला घोडेवाली म्हणतात. धाकटीला मांजरवाली म्हणतात, तिच्याकडे कायम एखादी मांजर असते.

आता त्या सगळ्यांसमोर मांजरवाली पुढे आणि घोडेवाली मागून तिसरी? हे दिसायला बरं नाही. प्रश्न माझा नाही. लोकांचा गोंधळ होईल.

हे म्हणाले, फोन करून खरं सांगून टाक. ह्यांना प्रशासनाचा अनुभव नाही.

१७ मार्च, दुपारी

धाकटीकडे गेले होते. सहज.

तिच्या खोलीत सगळीकडे मांजरीचे केस. सध्याची मांजर करड्या रंगाची, लठ्ठ. माझ्याकडे बघून कपाटाखाली गेली. लाजाळू आहे.

मी मुद्देसूद बोलले. म्हटलं, उद्या चांदणी मला दे. तू मेजर घे, माझ्या मागे राहा. तुझ्या पाठीलाही मेजर बरा. मावशी येतेय. तिला या वयात धक्का बसायला नको.

वाटलं होतं, वाद घालेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती चहा गाळत होती. म्हणाली, घे, ताई. घोडे पहिल्यापासून तुझेच ना.

मी म्हटलं, म्हणजे काय?

म्हणाली, आठवत नाही? सर्कशीतून आल्यावर तूच वाटणी केली होतीस. जिन्यात बसून. म्हणालीस, घोडे माझे, मांजरं तुझी. मी म्हटलं, मलाही घोडे हवेत. तू म्हणालीस, आता झाली वाटणी, आता काही होणार नाही. मग काय करणार? मांजरं घेतली.

मग हसली. म्हणाली, मांजरंही गोडच असतात. सवय होते.

मला हे मुळीच आठवत नाही. आठवत असतं तरी वाटणी योग्यच होती. मी मोठी, घोडा मोठा. ती लहान, मांजर लहान. याहून न्याय्य काय असतं?

पण गप्प बसायचं ना! पंचावन्न वर्षं मनात घोडे धरून बसायचं आणि बोलायचं नाही, हा लबाडपणा झाला. माझ्या पाठीमागे हिला आवडत होते घोडे!

चहा अर्धा ठेवून आले. साखर जास्त होती.

१८ मार्च, संध्याकाळी

थोडक्यात लिहिते.

सकाळी कोच नाहीच म्हणत होत्या. धाकटीने त्यांना बाजूला नेऊन समजावलं. कोच माझ्याकडे येऊन म्हणाल्या, त्यांच्या शब्दावर देतेय हं, बाई. पण लगाम सैल. मला वचन द्या. मी वचन दिलं. मुठीत किती सैल, हे ठरलं नव्हतं.

खुर्च्या भरलेल्या. पहिल्या रांगेत हे, मावशी, शाळेच्या पाचजणी, शिपाईबाई. एका बाजूला चहाचं टेबल, पांढरं कापड, बिस्किटांच्या बशा. मी चांदणीवर, पुढे. कपडे इस्त्रीचे. मागे धाकटी मेजरवर, मग दातांचे डॉक्टर, मग बँकेतली एक मुलगी.

तो क्षण मी जन्मभर मनात बघत आले होते. अगदी तसाच होता. साधारण अर्धा मिनिट.

कोचनी शिटी दिली. मी पाठ ताठ केली, लगाम आवळला, टाच मारली.

चांदणी मागे गेली.

मला वाटलं, पवित्रा घेतेय. आणखी आवळला, आणखी टाच. ती आणखी मागे. अडखळत नाही, घाबरत नाही, शांतपणे, एक एक पाऊल, मुख्य पाहुण्यासमोरून उलट जाणाऱ्या माणसासारखी. धाकटीने मेजरला चटकन बाजूला घेतलं. डॉक्टर बाजूला झाले. बँकेतली मुलगी बाजूला झाली आणि फोन काढला. कोच ओरडत होत्या, लगाम सोडा! बाई, सोडा! हात सोडा! आता अशा वेळी कोणी सोडतं का? अशा वेळीच तर धरायचं असतं.

पुढे जाताना आपण रांगेच्या पुढे असतो. मागे जाताना रांग आपल्या पुढे असते. एवढाच तपशिलाचा फरक.

मागून बशांचा आवाज आला तेव्हा कळलं की चहाचं टेबल आलं. चांदणी थांबली. वळून तिने एक बिस्किट घेतलं.

शाळेच्या बायकांत कोणीतरी म्हणालं, लगामबाई आहेत त्या, सोडणार नाहीत. शिपाईबाई पदर तोंडावर दाबून बसली होती. तिला खोकला असावा.

मग कोच आल्या, चांदणीला दोरी लावली आणि पायी चालत मला फिरवलं. माझे हात धरून लगाम मानेवर ठेवायला लावला. तीन फेऱ्या. सर्वांत पुढे मेजरवर धाकटी. कोचचा आवाज नव्हता तरी मेजर चालत होता. आजच त्याला काय शहाणपण सुचलं कोण जाणे. कान पुढे करून चालत होता.

आणि मावशी. नव्वदीत आवाज केवढा! सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ह्यांना सांगत होती, अगदी अश्शीच! सर्कशीबाहेर हिला बसवलं तर किंचाळून किंचाळून दोरीवाल्याला नकोसं केलं, आयाळ काही सोडेना. तिसऱ्या फेरीला बोटं उचकटून उतरवली. आणि धाकटी माझ्या कडेवर रडतेय, मला बसवा, मला बसवा!

मावशीचं वय झालं. या वयात माणसं नावांची अदलाबदल करतात.

उतरल्यावर धाकटी जवळ आली. माझं हेल्मेट काढलं आणि अंबाडा नीट केला. सगळ्यांसमोर. मला ते मुळीच आवडलं नाही. तिने हात काढला तेव्हा म्हटलं, डावीकडची पिन राहिली.

१९ मार्च

विश्रांती. फोन घेतले नाहीत.

चांदणीच्या शिक्षणात उणीव आहे. कोचना पत्र लिहावं का? नको. त्यांना वाईट वाटेल.

ह्यांचं कोडं अखेर सुटलं. त्यात मला रस नाही.

२५ मार्च

धाकटीला कोचनी बोलावून घेतलं. डोंगरात आठ दिवसांचं शिबिर आहे, घोड्यावरून जंगलातल्या वाटा, निवडक लोकांसाठी. तिने मला विचारलं, जाऊ का, ताई?

अठ्ठावन्न वर्षांची बाई. विचारते, जाऊ का.

मी म्हटलं, तुझी पाठ, तुझा प्रश्न. ती तशीच उभी. मग म्हटलं, स्वेटर ने. हिरवा नको, जाड ने.

३० मार्च, सकाळी

आज कोणाला न सांगता तबेल्यात गेले. माझं दुसरं हेल्मेट तिथे राहिलं असेल असं वाटलं. माझ्याकडे एकच हेल्मेट आहे, पण खात्री केलेली बरी.

कोणी नव्हतं. चांदणी आपल्या जागी उभी. मी काही आणलं नव्हतं. गाजर नाही, सफरचंद नाही. दाराच्या फळीवर हात ठेवून उभी राहिले. हात उघडे होते, कारण धरायला काही नव्हतं.

ती पुढे आली. आपणहून. नाक माझ्या तळहातावर ठेवलं. गरम. इतकं मऊ असतं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

बराच वेळ तशीच होती.

मग म्हटलं, धरावं. आयाळ धरली.

गेली.

२ एप्रिल

धाकटी आज शिबिराला गेली. मांजर माझ्याकडे ठेवून. बरोबर एक टोपली, एक बशी आणि सूचना: तिच्या मागे लागू नकोस, ताई, ती येईल आपण होऊन.

मांजर कपाटाखाली गेली आहे. घोड्यांच्या.

मी सतरंजीवर आडवी होऊन बॅटरीने बघितलं. दोन हिरवे डोळे, एकटक, माझ्याकडे. मला ओळखलं तिने.

हे म्हणाले, अगं, राहू दे तिला. म्हटलं, तुम्हाला मांजरांतलं काय कळतं?

४ एप्रिल, संध्याकाळी

डोंगरातून धाकटीचा फोन. आवाज ऐकू येत नव्हता, वारा फार. म्हणत होती, ताई, आज धुक्यातून गेलो, काहीच दिसत नव्हतं, लगाम मानेवर टाकला आणि घोड्याला म्हटलं, ने बाई तुला हवं तिथे. तू हवी होतीस गं!

मी म्हटलं, जेवलीस का?

मांजर आज दूध प्यायला बाहेर आली. मी लगेच उचलून मांडीवर घेतली. नीट, दोन्ही हातांनी, निसटू नये म्हणून. उजव्या मनगटावर तीन ओरखडे, डाव्यावर दोन. खोल नाहीत. मांजरी ओळखीच्या माणसालाच नखं लावतात, असं कुठेतरी वाचलं आहे. पुन्हा कपाटाखाली गेली. जाताना वरचा साबणाचा घोडा पडला. तुकडे झाले. बाथरूममध्ये ठेवले, वापरता येतील.

एक निर्णय झाला. धाकटी परत आली की तिला सांगायचं. मुळात मला मांजरांची आवड लहानपणापासून. जिन्यात बसून वाटणी झाली तेव्हा मी बोलले नाही, एवढंच. आता नव्याने वाटणी करू. मांजरं माझी. घोडे तिने खुशाल घ्यावेत.

मी काही ओढून धरणारी बाई नाही.